‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल

“कोणी विश्वास ठेवणार नाही, पण प्रेमराजचा खुनी मी घरबसल्या शोधला!” पिंप्राळ्याच्या चहाटपरीवर मोतीलालआबा रंगात आले. “माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मेल उघडला की काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्र दिसायची सोयच नाही. खुन्याचा मेल चुकून माझ्याकडे आला. सोबतच्या फाइलीचं नाव ‘लग्नपत्रिका’. म्हटलं, लबाडा! नाव बदलून उघडली, तर आत फोटो! प्रेमराजचं डोकं कुऱ्हाडीने दुभंगलेलं, गळ्यातला हिरवा रुमाल रक्ताने थबथबलेला...”

प्रेमराजची मुलगी पूनम उठून पुढे आली.

“आबा, त्या पडदावर चित्र दिसतच नही, तुम्हीच आत्ते सांगं. खुनीनी बापूले जाळी टाकं, आमले तं राखच भेटनी. मंग रुमाल हिरवा व्हता, हाई तुमले कसं समजनं?”