रिसालदाराची मान

अंबुजा गेल्याचा फोन दवाखान्यातून सकाळी आला, तेव्हा कपाटावरची तंजावुरी बाहुली मान डोलवत होती. पंखा बंद होता.

बाहुली म्हणजे कागदाच्या लगद्याचा घोडेस्वार, अंबुजानं, माझ्या बायकोनं, स्वतः रंगवलेला. त्याला ती रिसालदार म्हणायची आणि रोज संध्याकाळी त्याच्या रिसाल्याचा इतिहास सांगायची. तो रिसाला अजून उभाच राहिलेला नाही. शंभर वर्षांनी पेट्रोल संपेल, मग कावेरीच्या बांधांवर त्याचे घोडे फिरतील म्हणे.

"मलाही सांग की," मी म्हणायचो.

"तुम्ही झोपता. ते निदान मान डोलवतात."

मातीमोलाच्या बाहुलीला 'ते'!

आता खिडक्या लावल्या तरी संध्याकाळी त्याची मान डोलते. अंबुजा दम घ्यायला थांबायची तेवढीच थांबते आणि पुन्हा डोलू लागते. मला तिचा आवाज काही ऐकू येत नाही.

काल मी जवळ जाऊन म्हणालो, "अंबुजा, मी जागा आहे."

मान थांबली. नको असलेला माणूस आत आल्यावर बोलणारे गप्प होतात, तशी.

मी ओसरीवर जाऊन बसलो. आत मानेची टकटक पुन्हा सुरू झाली.

रिसाल्याची शेवटची लढाई कोण जिंकणार, ते तिनं मला सांगायचं राहिलं आहे.