भिंतीला आलेलं हसू

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण काल माझ्या विनोदाला घरातली भिंत हसली," शिंपीकाका इंग्रजीच्या वर्गात म्हणाले. "एवढी गदगदली, की खिळ्यावरची टोपी खाली पडली."

घरी इंग्रजीतून विनोद सांगायचा आणि कोण हसलं ते वर्गात सांगायचं, हा बाईंचा गृहपाठ. काका एकटे राहायचे. विनोद त्यांनी शिलाई मशीनला सांगितला होता, आणि मशीन काही हसलं नव्हतं.

वर्गात खसखस पिकली.

"लोणकढी थाप, काका," त्यांच्या शेजारच्या घरातली नर्स म्हणाली. "भिंत कुठली हसतेय? पलीकडे आम्ही हसत होतो. सासूबाईंना इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही, तरी डोळे पुसत होत्या. आज आमच्याकडेच येऊन सांगा. शेवट कुणालाच नीट ऐकू आला नाही."