वलवणची रिकामी जागा

तेजल आईला घेऊन इलेक्ट्रिक गाडीनं पुण्याहून अलिबागला निघाली होती. वडगावचा फास्ट चार्जर बंद निघाला, म्हणून मोबाईलवर शोधत ती वलवणच्या एका हॉटेलपाशी पोचली, तेव्हा गाडीची बॅटरी जेमतेम उरली होती. आता दुसरीकडे जाणं शक्यच नव्हतं.

अ‍ॅपवर दिसत होतं, चार्जर वापरात आहे. समोरची जागा मात्र रिकामी होती.

भर दुपारच्या उन्हात चार्जरचा पंखा घुमत होता. केबल ओढलेली होती, पण तिचं टोक जमिनीवर पडलेलं नव्हतं. गाडीचं सॉकेट असतं तेवढ्या उंचीवर ते हवेतच थांबलं होतं.

"थांबा वाईच, ताई," आवार झाडणाऱ्या भामाबाई म्हणाल्या. "त्यांचं झालं की लावा."

"कुणाचं, मावशी?"

"त्या गाडीचं." भामाबाईंनी रिकाम्या जागेकडे बोट केलं आणि तिला वळसा घालून त्या पुढे झाडत राहिल्या.

थोड्या वेळानं पंखा थांबला. केबल धप्पकन खाली पडली. अ‍ॅपवर चार्जर मोकळा दिसू लागला.

तेजलनं गाडी हळूच पुढे घेतली. पुढचा पार्किंग सेन्सर वाजू लागला. तिनं ब्रेक दाबला.

"मागं घ्या, ताई!" भामाबाई ओरडल्या. "ते निघालेत!"

तेजलची गाडी जागची हलली नव्हती, तरी सेन्सरचा आवाज जलद होत गेला, मग सलग झाला.

मग तो एकाएकी बंद पडला, आणि शेजारी बसलेल्या आईनं, कुणाला वाट द्यावी तसे, पाय आखडून घेतले.