जरा जास्त धार

"विल्यमभाऊ, माझ्या पोरीला मिशी न्हाई," म्हाळसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी लग्नाचा फोटो काउंटरवर ठेवला.

त्या तेवढ्यासाठी खुटबावहून शिरूरला आल्या होत्या. विल्यमने फोटो उजेडाकडे धरला. नवरी कशी रेखीव दिसत होती. आयुष्य स्टुडिओत गेलेल्या विल्यमला त्यात काही खोट सापडेना. त्याची लेक कृपा मागून डोकावली आणि हसू दाबत राहिली. नवरीच्या ओठावरची बारीक लव काळ्या तारांसारखी उभी राहिली होती. मुंडावळ्यांच्या मण्यांना पांढऱ्या कडा आल्या होत्या.

"पप्पा, शार्पनेस फार वाढवलाय तुम्ही."

"धूसर होता म्हणून वाढवला. आपला स्क्रीनच गेलाय, कृपा. त्यावर नीट दिसतंच कुठं?"

म्हाळसाबाईंना नवा फोटो कबूल करून बापलेक रविराजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. कृपाने सोबत आणलेल्या सीडीतला तोच फोटो तीन स्क्रीनवर लावला. एक जुन्या पद्धतीचा डबा, दोन नवे चपटे. विल्यम पहिल्यासमोर बसला.

"धूसर."

दुसऱ्यासमोर बसला. "हा पण तसाच."

तिसऱ्याची काच त्याने आधी रुमालाने पुसली, मग पाहिलं. "रविराज, माल जरा बरा ठेवत जा."

"काका, नथीचा मोती चमकतोय त्याच्यावर," रविराज म्हणाला. "आणखी काय दिसायचं राहिलं?"

 वडिलांचा हात धरून कृपाने त्यांना दुकानाच्या दारात आणलं. रस्त्यापलीकडे एक एसटी थांबली होती.

"पाटी वाचा, पप्पा."

विल्यमने डोळे बारीक केले. मान पुढे काढली. "अहमदनगर," तो अंदाजाने म्हणाला.

"दौंड आहे."

विल्यम तिथंच पायरीवर बसला. कॅमेरा आपोआप फोकस करत होता म्हणून आजवर निभावलं, हे त्याच्या ध्यानात आलं. डोळेच गेले तर फोटोग्राफरने करायचं काय? कृपा त्याच्या शेजारी बसली.

"कृपा," तो अखेर म्हणाला, "म्हणजे यंदा लग्नसराईत अर्ध्या तालुक्याला मिशा दिल्या मी."

कृपाला हसू आवरेना. मग त्यालाही आवरेना. रविराज दारात येऊन दोघांकडे बघत राहिला. स्क्रीन कुठला पाठवायचा, हे विचारायचं त्याच्या तोंडातच राहिलं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. पट्टी सुटल्यावर विल्यम स्टुडिओत आला आणि जुन्याच स्क्रीनसमोर बसला. स्क्रीनला काही झालेलं नव्हतं. आपण केलेले फोटो त्याने एकेक उघडले, कपाळावर हात मारला आणि नवरीपासून सुरुवात करून सगळे पुन्हा करायला घेतले.

म्हाळसाबाई फोटो न्यायला आल्या. त्यांनी तो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"आता माझी लेक दिसती," त्या म्हणाल्या. "नाक माझ्यावर गेलंय, ते ऱ्हाऊ द्या तसंच."

त्या रविवारी विल्यमची बायको दबोरा चर्चला जायला तयार होऊन बाहेरच्या खोलीत आली. विल्यम बुटाची लेस बांधत होता, तो तसाच थांबला. तिच्या अंगावर मोरपिसासारखी निळीशार साडी होती.

"ही कधी घेतलीस?"

"मी कशाला घेऊ? नाताळात तुम्हीच आणलीत."

"मी करडी आणली होती."

दबोराने पदराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "करडी?"

"दुकानात मला करडीच दिसली," विल्यम म्हणाला. दुसरं काही सांगून वेळ मारून नेता आली असती, पण त्याला ते जमलं नाही.

"अन् मी सगळ्या बायकांना सांगत फिरले," दबोरा हळूच म्हणाली, "या वयात यांना माझ्यासाठी असा रंग सुचला म्हणून."

विल्यमने तिला पुन्हा एकदा पदरापासून काठापर्यंत सावकाश पाहिलं.

"सांगितलंस ते बरंच केलंस," तो म्हणाला. "आज निवडायला बसवलं असतं, तरी हीच उचलली असती."

दबोराने पदर खांद्यावर नीट केला. एरवी चर्चमध्ये ती दाराजवळच्या बाकावर बसायची. त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या देखत थेट पहिल्या बाकावर जाऊन बसली.