फुकटातली अट

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमचा दादा त्याच्या नव्या सायकलला हातही लावू देत नाही आणि तुम्ही फुरंगटून आईपाशी येऊन बसलाय. चिमीचं अगदी तसंच झालं होतं. तिची आई दवाखान्यांसाठी हृदयाचे ठोके वाचणारा प्रोग्राम लिहायची, पण आज तीही कपाळाला हात लावून बसली होती.

“तुला गं काय झालं, आई?”

“अगं, कुणीतरी लिहून फुकट ठेवलेला एक तुकडा आम्ही आमच्या प्रोग्राममध्ये घातला आणि अट आत्ता वाचली. तो ज्यात मिसळाल, ते सगळंच सगळ्यांना खुलं करायचं! आणि आमचे साहेब म्हणतात, आपलं कुलूपबंदच हवं.”

“तुकडा एवढुसाच असला तरी?”

“नखाएवढा असला तरी. फुकट घेतलं ना, मग अट पाळायलाच हवी.”

चिमीचा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

तिने खाली जाऊन आपल्या जुन्या सायकलची घंटी काढली आणि “घे रे दादा, फुकट!” म्हणत त्याच्या नव्याकोऱ्या सायकलला बसवून दिली.