केसभर हालचाल

दुपारी शाल्मली आईच्या खोलीत आली, तर आईच्या जागी नुसती पांढरी पोकळी होती.

"इंदूमावशी, आईला कुठे नेलंत?"

आईला सांभाळणाऱ्या इंदूमावशी पेज ढवळत म्हणाल्या, "कुठे नेणार? डोळा लागलाय त्यांचा. तुमच्या पुढ्यातच तर आहेत, ताई."

शाल्मलीने स्वतः बनवलेली चिप महिन्यापूर्वी स्वतःच्याच मेंदूत बसवून घेतली होती. जे हलत नाही, ते चिप नजरेतून पुसून टाकायची. कपाट, पलंग, दार तिला आता दिसतच नसत. भिंतीवरच्या घड्याळाचा नुसता सेकंदकाटा फिरताना दिसे. पक्षाघाताने खिळलेली आई मात्र दिसायलाच हवी, म्हणून चिपची मर्यादा तिने आईच्या श्वासावर बेतली होती. श्वासाने चादर केसभर हलली, तरी आई दिसे. अगदी गाढ झोपेतसुद्धा.

"उठवू का त्यांना? पेज गार होतेय."

शाल्मलीने पोकळीत हात घातला. आईची बोटं लागली, अजून कोमट. तिने ती हलवली. तेवढ्यापुरता आईचा हात दिसला, आणि पुन्हा पुसला गेला.