आप्पांना पाच तारे

सातवी 'अ'मध्ये धरणाचा धडा सुरू झाला आणि फळ्याजवळ हेमलताबाईंचे वडील, आप्पा, उभे राहिले. आप्पा वारून बरीच वर्षं झाली होती, पण इतिहासाच्या पोर्टलवर, बोलती प्रतिमा होऊन, ते अजून नोकरीला होते.

"मग काय पोरांनो, गाव धरणात गेलं आणि मी म्हशीवर बसून थेट नव्या वसाहतीत!" आप्पा म्हणाले. वर्ग खिदळला.

बाई हसल्या नाहीत. मरण्याआधी आप्पांनी पोर्टलला खरी साक्ष दिली होती. 'गाव धरणात गेलं' एवढंच सांगून ते म्हणाले होते, "घराचं दार तेवढं लावायचं राहिलं." मुलांना कंटाळा आला आणि त्यांनी एकेक तारा दिला. पोर्टलने ते मनावर घेतलं आणि आप्पांना सुधारलं. म्हैस गेल्या महिन्यात आली.

"आप्पा, घराचं दार लावलं होतं का हो?" बाईंनी हळूच विचारलं.

"कसलं दार, बाळ? तू कितवीत आहेस?"

"बाई, मधे बोलू नका ना," मागून तन्मय ओरडला, "आता म्हैस नाचते!"

म्हैस नाचली. मग सगळ्यांच्या स्क्रीनवर तारे आले. बाईंचं बोट रागाने एका ताऱ्यावर गेलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पुन्हा कमी तारे पडल्यास साक्षीदार कायमचा काढून टाकला जाईल.'

बाईंनी पाच दिले.

पुढच्या तासाला, सातवी 'ब'मध्ये, आप्पा म्हशीवर बसून गातही होते.